परसातली ब्रह्मा: शांत कोंबडीला काय काय लागतं

२०१७ साली कोसोव्होमधल्या एका अवाढव्य कोंबड्याचा व्हिडिओ जगभर फिरला. खुराड्याच्या छोट्या दारातून तो अंग चोरत बाहेर येतो, मान वर करतो, आणि पायांवर पिसांचे झुबके घेऊन चालू लागतो. तो ब्रह्मा जातीचा होता. तेव्हापासून आजपर्यंत तो व्हिडिओ मला कितीतरी जणांनी दाखवला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर बँकेच्या रांगेत. पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो: हे खरं असतं का, आणि आपल्या गोव्यात जगतं का?

डिचोली तालुक्यातल्या आमच्या परसात पाच वर्षांपासून ब्रह्मा आहेत. पहिल्यांदा आणल्या तेव्हा शेजारच्या काकी कुंपणाशी येऊन बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हें कितें गो? कोंबी काय गीद?" म्हणजे, कोंबडी की गिधाड? आज त्यांच्याच नातीला आमच्या कोंबड्या मांडीवर घेऊन बसायला आवडतं. म्हणजे जगतात, आणि चांगल्या जगतात. पण त्यांचा शांतपणा फुकट मिळत नाही. गावठी कोंबडी स्वतःसाठी जे करते, त्यातलं निम्मं ब्रह्मासाठी आपल्याला करावं लागतं. ते काय, आणि का, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

आधी 'जात' म्हणजे काय ते

बाजारात तीन तऱ्हेच्या कोंबड्या मिळतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली गावठी. पिढ्यानपिढ्या गावात आपसात वाढलेली. रंग, आकार, तुरा, काहीच एकसारखं नसतं. सारखी असते ती तिची हुशारी आणि चिवटपणा.

दुसरी संकरित. पांढरा ब्रॉयलर, कारखानी अंड्यांची कोंबडी, आणि परसासाठी मुद्दाम तयार केलेली हैदराबादची वनराजा किंवा ग्रामप्रियासुद्धा याच गटातली. वेगवेगळ्या वाणांचा ठरवून संकर केलेला असतो. पहिल्या पिढीत गुण उत्तम उतरतात, पण घरी पिल्लं काढली की ते विस्कटतात. संकरित बियाणं दरवर्षी नवीन घ्यावं लागतं, तसंच.

तिसरी वारसा जात. जुनी, कारखानी कुक्कुटपालनाच्या आधीची, आणि पिल्लं आईबापांसारखीच निघणारी. खाजनातल्या खाऱ्या जमिनीतलं कोरगूट भात शेतकरी घरचंच बी ठेवून पेरत आले आणि ते कोरगूटच राहिलं, तशी. अमेरिकेतल्या लाइव्हस्टॉक कन्झर्व्हन्सी या संस्थेने वारसा कोंबडीला चार अटी घातल्या आहेत. जात प्रमाणित हवी, वीण नैसर्गिक हवी, वाढ सावकाश हवी आणि बाहेर मोकळं राहून दीर्घकाळ जगण्याची ताकद हवी. मादी पाच ते सात वर्षं उपयोगी राहावी अशी त्यांची अपेक्षा आहे. ब्रॉयलर सहा-सात आठवड्यांच्या आत कापला जातो, हे शेजारी ठेवून पाहिलं की फरक कळतो.

मानकुराद आंब्याची आठी पुरली तर मानकुराद येईलच असं नाही, म्हणून आपण कलम बांधतो. कोंबडीला कलम बांधता येत नाही. तिची जात टिकते ती फक्त कोणता कोंबडा कोणत्या कोंबडीबरोबर ठेवला, यावर. माणसाने दोन-तीन पिढ्या लक्ष दिलं नाही की जात गेली.

नाव ब्रह्मपुत्रेचं, घडण अमेरिकेची

ब्रह्मा हे नाव देवाचं नाही. ते ब्रह्मपुत्रेचं तोडलेलं रूप आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चीनमधल्या शांघाय बंदरातून मोठाल्या, पायांना पिसं असलेल्या कोंबड्या अमेरिकेत पोचल्या. त्यांच्यात आजच्या बांगलादेशातल्या चितगावकडच्या कोंबड्यांचं रक्त मिसळलं, असं मानलं जातं. त्या काळी अमेरिका आणि इंग्लंडमध्ये कोंबड्यांचं वेडच लागलं होतं. बोस्टनला १८४९ मध्ये मोठं प्रदर्शन भरलं. १८५२ साली जॉर्ज बर्नहॅम नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने यातले नऊ पक्षी राणी व्हिक्टोरियाला भेट पाठवले आणि किमती गगनाला भिडल्या. १८७४ मध्ये अमेरिकेच्या, जातींची ठरलेली लक्षणं लिहिलेल्या पहिल्या प्रमाण-पुस्तकात फिकी आणि गडद अशा दोन्ही रंगांच्या ब्रह्मांची नोंद झाली.

प्रमाणाप्रमाणे फिक्या रंगाचा कोंबडा साडेपाच किलोच्या आसपास आणि कोंबडी सव्वाचार किलोच्या आसपास भरते. व्हिडिओत दिसतो तेवढा राक्षसी आकार पुष्कळसा पिसांचा असतो. ओल्या ब्रह्माला हातात घेतलं की कळतं, आत पक्षी केवढासा आहे.

शांतपणा कुठून येतो

हा विषय मला सगळ्यात जास्त ओढून घेतो.

कोंबड्यांमध्ये मान कुणाचा, कुणी कुणाला टोचायचं, याची पक्की उतरंड असते. नॉर्वेच्या थोरलाइफ शेल्डेरुप-एब्बे यांनी शंभर वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा नीट टिपली. वरची कोंबडी खालच्यांना टोचते, आधी खाते, उंच जागा घेते. प्रत्येकीला आपली जागा ठाऊक असते, म्हणून रोज भांडण होत नाही.

आता स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठातला प्रयोग बघा. तिथे तांबड्या रानकोंबड्यांमधून माणसाला कमी घाबरणारे पक्षी निवडून त्यांच्याच पिल्लांवर पिढ्यानपिढ्या हीच निवड चालवली. दहा-एक पिढ्यांत ते धीट झालेच, शिवाय अंगाने मोठे झाले आणि शरीराच्या मानाने त्यांचा मेंदू लहान झाला. निवड फक्त स्वभावाची केली होती, पण सोबत बाकीचंही बदललं. म्हणजे शांतपणा हा एकटा उचलून घ्यायचा गुण नाही, त्याच्याबरोबर आणखी काही गुण येतात.

ब्रह्मात नेमकं हेच दिसतं. ती माणसाला घाबरत नाही, उचललं तर हातात सैल पडते. पण मुंगसालाही ती पुरेशी घाबरत नाही. घार डोक्यावर फिरली की आमच्या गावठी कोंबड्या एका हाकेत कोरांटीच्या जाळीत शिरतात. ब्रह्मा मान तिरकी करून वर बघत राहते. उडून फांदीवर बसणं तिला वजनामुळे जमत नाही. आणि गावठी कोंबड्यांच्या उतरंडीत ती आकाराने दुप्पट असूनही तळाला जाते.

हे मी पहिल्याच महिन्यात पाहिलं. एक ठेंगणी, जेमतेम सव्वा किलोची गावठी तांबडी कोंबडी भांड्यापाशी उभी राहायची आणि चार ब्रह्मा दोन हातांवर थांबून तिचं होण्याची वाट बघायच्या. त्या भुकेल्या राहतात हे आकारामुळे लक्षात येत नाही. पिसांखाली हात घालून छातीचं हाड चाचपलं तेव्हा ते सुरीच्या धारेसारखं लागलं.

तेव्हापासून दाण्याची भांडी दोन, पाण्याची दोन, आणि एकमेकांना दिसणार नाहीत अशी, मध्ये केळीचं बेट येईल अशी ठेवतो. नवी कोंबडी आणली तर दोन आठवडे जाळीपलीकडे, दिसेल पण टोचता येणार नाही अशी. त्यानंतर तिला एकटीला कळपात सोडायचं नाही, जोडीने सोडायचं.

"पण ही थंडीतली कोंबडी ना?"

हा आक्षेप रास्त आहे. कोंबडीला घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायच्या तिच्या मुख्य वाटा दोन: तुरा आणि गळ्याखालच्या लोळ्यांमधून वाहणारं रक्त हवेत निवतं, आणि चोच उघडून धापा टाकल्यावर तोंडातला ओलावा उडून जाताना उष्णता घेऊन जातो.

ब्रह्माचा तुरा अगदी ठेंगणा, वाटाण्याच्या दाण्यांच्या तीन ओळी मांडाव्यात तसा असतो. बर्फाळ प्रदेशात हा फायदा, कारण उभा तुरा हिमाने झडतो. आपल्याकडे हा तोटा, कारण अंग निववायची जागाच कमी. दुसरी वाट गोव्याच्या दमट हवेत अडते. जूनमध्ये दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, त्याच कारणाने मे महिन्यात धापा टाकून कोंबडीच्या तोंडातला ओलावा पटकन उडत नाही. वाऱ्यावर ३३ अंश तिला सोसतं. कोंदट जागेत तेच ३३ अंश जीवघेणे ठरतात. त्यात शरीर मोठं. वाटीतली पेज लवकर निवते, टोपातली निवत नाही.

धापा टाकण्याचा आणखी एक परिणाम पुष्कळांना माहीत नसतो. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, आणि अंड्याचं कवच बनायला तो लागतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये पातळ कवचाची अंडी येतात. लोक शिंपले वाढवतात आणि तरी फरक पडत नाही, कारण कमतरता शिंपल्यांची नसते.

उपाय खर्चिक नाहीत. सावली झाडाची हवी, पत्र्याची नको. आमच्या कोंबड्या उन्हाळाभर फणसाखाली असतात. तिथे मी सकाळी अकराला जमिनीवर दोन बादल्या पाणी ओतते. त्या माती उकरतात आणि ओल्या गारव्यात पोट टेकून बसतात. पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत, दुपारी एकदा बदललेलं. दाणा पहाटे आणि उन्हं उतरल्यावर, कारण पचन चालू असताना अंगात उष्णता तयार होते आणि दुपारी ती नको असते. कोंबडी पंख फाकून, डोळे अर्धे मिटून, मान पुढे काढून उभी दिसली तर वाट बघू नका. तिचे पाय आणि पोट साध्या, बर्फ न घातलेल्या पाण्यात बुडवून वाऱ्याला धरा.

पावसाळा आणि पायांची पिसं

उन्हाळ्यापेक्षा मला पावसाळ्याची धास्ती जास्त. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. ब्रह्माच्या पायांना, थेट मधल्या आणि बाहेरच्या बोटांपर्यंत पिसं. चिखलात फिरली की त्या पिसांत मातीचे गोळे धरतात, वाळतात, कठीण होतात आणि बोटं आवळतात.

पहिल्या पावसाळ्यात एक कोंबडी लंगडायला लागली. मला वाटलं काटा लागला असेल. रात्री टॉर्च घेऊन तिला मांडीवर पालथी घेतली. बोटांमध्ये लिंबाएवढा गोळा, आणि तो ओढला तर पिसं उपटून रक्त येणार. कोमट पाण्याच्या भांड्यात दोन्ही पाय पाव तास बुडवून ठेवले. ती शांत बसून राहिली. माती विरघळून पाणी लाल झालं, चिऱ्याच्या मातीसारखं. खाली बोटाची कातडी पांढरी, सुरकुतलेली, आपली बोटं पाण्यात राहून होतात तशी, आणि एका ठिकाणी फाटलेली. फडक्याने टिपून, पंख्यासमोर सुकवून, हळद-खोबरेल लावून तिला पाच दिवस कोरड्या गादीवर ठेवलं तेव्हा ती चालती झाली.

तेव्हापासून पावसाळ्यात रोज संध्याकाळी एकेकीचे पाय बघते. सहा पक्ष्यांना दहा मिनिटं पुरतात, आणि इथे शांत स्वभाव कामाला येतो. हेच गावठी कोंबडीशी करून बघा!

पिसांखाली आणखी एक शत्रू लपतो. पायाच्या खवल्यांत शिरणारा बारीक कोळीसारखा जीव, ज्याने खवले उचलले जातात, खडबडीत आणि पांढुरके दिसतात. उघड्या पायांवर तो लगेच दिसतो, ब्रह्मावर पिसं बाजूला केल्याशिवाय दिसत नाही. कोमट साबणपाण्यात पाय धुऊन, कोरडे करून, व्हॅसलीनचा जाड थर काही आठवडे नेमाने लावला की त्याचा श्वास कोंडतो. खुराड्यातल्या दांड्याही त्याच वेळी घासून घ्यायच्या, नाहीतर तो परत येतो. आणि पायाचं नवीन उगवणारं पीस कधीही उपटू नका. त्याच्या नळीत रक्त वाहत असतं. एक थेंब दिसला तरी बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचत राहतात.

परसाची सगळी जमीन कोरडी ठेवणं शक्य नाही. आम्ही खुराड्यासमोर चिऱ्यांची दोन फूट उंच जोती बांधून घेतली, वर पत्रा आणि पत्र्यावर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप, खाली भाताच्या तुसाची चार बोटं जाड गादी. मुसळधार पावसाचे दिवस त्या तिथेच काढतात. गादी रोज उकरायची. ती बदलायची वेळ ओळखायला माझी एक पद्धत आहे: कोंबडीच्या उंचीएवढं वाकायचं आणि श्वास घ्यायचा. उभ्याने वास येत नाही, पण खाली नाक झोंबतं. कोंबडी चोवीस तास त्या उंचीवर श्वास घेते.

खुराडा

मापं थोडी वेगळी. एका पक्ष्याला आत निदान पाच-सहा चौरस फूट. बसायची दांडी गुडघ्याएवढी किंवा त्याहून खाली आणि रुंद. चार किलोची कोंबडी रोज सकाळी उंचावरून धपकन उडी मारते तेव्हा तळपायाला फोड येतो आणि तो पिकतो. जाळी बारीक आणि जाड तारेची, जमिनीत वीतभर पुरलेली, कारण मुंगूस उकरतं आणि कांडेचोर, म्हणजे उदमांजर, चढतो. दिवेलागणीला दार बंद झालंच पाहिजे. फायदा एक: कुंपण तीन फुटांचं पुरतं. शेजाऱ्यांच्या तांबड्या भाजीच्या वाफ्यात आमच्या ब्रह्मा कधी उतरल्या नाहीत.

"मग अंडी किती देते?"

हिशेब उघड मांडते. ब्रह्मा वर्षाला साधारण दीडशे अंडी देते, तीही सात-आठ महिन्यांची झाल्यावर. दिवसाला तिला दीडशे ग्रॅम खाद्य लागतं, म्हणजे वर्षाला जवळपास ५५ किलो. एका अंड्यामागे ३६० ग्रॅमहून जास्त. कारखानी कोंबडी रोज ११० ग्रॅम खाऊन तीनशे अंडी देते, म्हणजे अंड्यामागे १३५ ग्रॅम. स्वस्त अंडी हवी असतील तर ब्रह्मा घेऊ नका. परसातून घरापुरती बरी अंडी हवी असतील तर ग्रामप्रियासारखी कोंबडी योग्य, आणि त्यासाठी जुन्या गोव्यातल्या एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत चौकशी करावी.

तपकिरी अंडं जास्त पौष्टिक, हाही समज खरा नाही. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. आतलं सत्त्व ती काय खाते त्यावर.

खाण्याबद्दल एक गोव्याची सोय सांगते. एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, ते तिला रोज कुठूनतरी हवं. तिसऱ्यांच्या शिंपल्या आपल्या घरात काही कमी नसतात. त्या धुऊन, चुलीत भाजून, पाट्यावर भरड कुटायच्या आणि वेगळ्या वाटीत ठेवायच्या. खाद्यात मिसळायच्या नाहीत. जिला गरज असेल ती खाते, कोंबडा तोंड लावत नाही. नुसत्या कणीवर आणि उरलेल्या भातावर मात्र ब्रह्मा पोसू नका. तिचं शरीर दीड-दोन वर्षं भरत राहतं आणि त्याला प्रथिनं लागतात. भाताने चरबी चढते, आणि चरबी चढलेल्या कोंबडीला उन्हाळा आणखी जड जातो.

खुडूक झालेली ब्रह्मा अंड्यांवर निष्ठेने बसते, पण वजनाने फोडते. आम्ही तिची सात-आठ अंडी गावठी कोंबडीखाली ठेवतो. एकवीस दिवसांनी पिल्लं येतात आणि ती त्यांना घार, मांजर, पाऊस, सगळं शिकवते. अडीच महिन्यांत पिल्लं जवळजवळ तिच्याएवढी होतात. गेल्या वर्षी एका पावसाळी संध्याकाळी डालग्याखाली पाहिलं, तर दोन धिप्पाड पिल्लं आईच्या पंखाखाली डोकी खुपसून बसली होती. आई त्यांच्यावर अर्धवट तरंगत होती, पाय जमिनीला टेकत नव्हते.

मानमोडी

ज्या रोगाने एका आठवड्यात अख्खा गाव कोंबड्यांशिवाय होतो तो मानमोडी. पुस्तकात त्याला राणीखेत म्हणतात, कारण भारतात तो कुमाऊंमधल्या राणीखेतला पहिल्यांदा ओळखला गेला. मान वळते, हिरवी हगवण लागते, आणि औषध नाही. लस आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठ आठवड्यांच्या आसपास टोचून. नेमकं वेळापत्रक आपल्या भागातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावं.

अडचण अशी की लसीच्या एका कुपीत शंभर किंवा जास्त मात्रा असतात आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते. सहा पक्ष्यांसाठी कुणी ती फोडत नाही. म्हणून आमच्या वाड्यावरच्या अकरा घरांनी एकच रविवार ठरवला आहे. बर्फाच्या डब्यातून कुपी येते, घरोघरी फिरते. शेजाऱ्याच्या कोंबड्यांना लस नसेल तर आपल्याला तरी काय भरवसा?

मुलांना ब्रह्मा मांडीवर घेऊ द्या, पण नंतर साबणाने हात धुवायला लावा, आणि चोचीशी तोंड नेऊ देऊ नका. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतूनही साल्मोनेलासारखे पोट बिघडवणारे जंतू येतात. एकाच वेळी दोन-तीन पक्षी अचानक मेले तर ते कापायचे नाहीत, फेकायचे नाहीत, दवाखान्याला कळवायचं.

"आपली गावठी असताना परदेशी कशाला?"

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, कारण माझ्या सासूबाई अजून तो विचारतात. त्यांच्या माहेरी पेडण्यात कोंबडा पाळला जायचा तो राखणदाराला द्यायच्या राखणीसाठी आणि पाहुण्यासाठी. मांडीवर घेण्यासाठी कोंबडी ही कल्पनाच त्यांना नवी होती.

गोव्याच्या हवेत घडलेली गावठी कोंबडी हाही वारसाच आहे, फक्त तिचं कुणी प्रमाण लिहून ठेवलं नाही. तिच्यात उन्हाला, पावसाला, मुंगसाला तोंड द्यायचे गुण आहेत. म्हणून ब्रह्माचा कोंबडा गावच्या मोकळ्या कळपात सोडायला माझा ठाम विरोध आहे. पिल्लं मोठी निघतात म्हणून लोक खूश होतात, पण त्यांच्यात गावठीची चपळाई उरत नाही आणि ब्रह्माचा स्वभावही पूर्ण येत नाही. शिवाय साडेपाच किलोचा कोंबडा सव्वा किलोच्या कोंबडीवर चढतो तेव्हा तिची पाठ फाटते. मी ती जखम शिवलेली पाहिली आहे. दोन्ही पाळा, कळप वेगळे ठेवा.

परदेशी म्हणावं तर एक गंमत आहे. ब्रह्माच्या पायांवरची पिसं बाजूला केली की कातडी पिवळी दिसते. तांबड्या रानकोंबड्याची कातडी पिवळी नसते. २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की पाळीव कोंबडीतला हा पिवळेपणा बहुधा राखी रानकोंबड्याकडून आला. राखी रानकोंबडा फक्त भारतात, सह्याद्रीत आणि दक्षिणेकडे आढळतो. मोलेच्या किंवा खोतीगावच्या रानात पहाटे जो तुटक, खर्जातला आरव ऐकू येतो, तो त्याचाच. अमेरिकेत घडलेल्या या कोंबडीच्या पायात आपल्या रानाचा एक धागा आहे.

जात शुद्ध ठेवायची म्हणजे जवळच्या नात्यात वीण वाढण्याचा धोका. प्रत्येक पिल्लाला शरीर घडवायच्या सूचनांच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. समजा दोन बहिणींनी एकाच फाटक्या वहीतून आरती उतरवून घेतली. दोघींच्या वह्या शेजारी ठेवल्या तरी गाळलेली ओळ गाळलेलीच राहणार. शेजारणीच्या वहीशी ताडून बघितलं तर ओळ सापडते. सख्ख्या भावंडांच्या पिल्लात दर चार सूचनांपैकी सरासरी एकीच्या दोन्ही प्रती अशा एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या असतात. अंडी उबत नाहीत, पिल्लं कमजोर निघतात. म्हणून दर दोन वर्षांनी कोंबडा बदलायचा. आम्ही सावंतवाडीकडच्या एका ओळखीच्या घराशी कोंबड्याची अदलाबदल करतो, पैशांचा व्यवहार नाही.

विकत घेताना

आमची पहिली खरेदी फसली. फोनवर फोटो पाहून आठ पिल्लं घेतली. पायांवर पिसं होती, तुरा वाटाण्यासारखा होता. आठ महिन्यांनी कोंबड्या दोन किलोच्याही नव्हत्या आणि कुंपणावरून उडत होत्या.

असं का झालं, ते नंतर समजलं. वाटाणी तुरा आणि पायांची पिसं हे दोन्ही गुण प्रबळ आहेत, म्हणजे आईबापांपैकी एकाकडून आले तरी पिल्लात दिसतात. विल्यम बेटसन यांनी १९०२ मध्ये कोंबडीच्या तुऱ्यावरूनच दाखवलं की मेंडेलचे वाटाण्याच्या झाडावरचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात. त्यामुळे ब्रह्मा आणि गावठी यांचं संकरित पिल्लू लहानपणी ब्रह्मासारखंच भासतं. पिल्लावरून ओळखू नका, आईबाप बघायला मागा. पिसं दोन बोटांवर भरगच्च हवीत, विरळ नकोत, आणि कोंबडी हातात घेऊन वजन बघा. घ्यायच्या त्या गणपती, दसरा होऊन गेल्यावर, दोन महिन्यांच्या पुढच्या आणि लस झालेल्या, म्हणजे पुढच्या पावसापर्यंत अंग धरतात.

कोंबडा निवडताना त्याच्या कुंपणात जाऊन पाठमोरे उभे राहा. स्वभाव उतरतो, हे स्वीडनच्या प्रयोगात पाहिलंच. माणसाच्या पायावर धावून येणारा कोंबडा कितीही देखणा असला तरी त्याची पिल्लं काढायची नाहीत. आमचा पहिला तसाच होता, तो आम्ही वंशासाठी ठेवला नाही. आताचा सावंतवाडीहून आला. सासूबाई सकाळी पायरीवर चहा घेऊन बसतात, उंड्या पावाचा तुकडा मोडून तळहातावर धरतात, आणि तो चोचीची धार न लावता उचलतो.